शेअर फोल्डर धोक्याचा आहे का?

प्रश्न : येरवड्यात आमचं टॅक्स सल्ल्याचं छोटं ऑफिस आहे. सहा कॉम्प्युटर, एक शेअर फोल्डर. अँटिव्हायरस आहे, अनोळखी मेल कुणी उघडत नाही. तरी आमचा इंजिनिअर म्हणतो, शेअरिंगमधूनच व्हायरस शिरेल. उगाच घाबरवतोय का?
– एक वाचक, येरवडा

उत्तर : उगाच नाही, पण घाबरण्यासारखंही काही नाही. कुणी काही उघडल्याशिवाय व्हायरस येत नाही, हा समज मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या फायली लॉक करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसने मोडला. विंडोजच्या फाइल शेअरिंगमधल्या, म्हणजे एसएमबीमधल्या त्रुटीतून तो एका मशीनवरून दुसऱ्यावर आपोआप जाई. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती. पुढच्याच महिन्यात, जूनमध्ये, तीच त्रुटी वापरणाऱ्या नॉटपेट्याने आपल्या न्हावाशेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं काम विस्कळीत केलं.

शेअरिंग बंद करू नका. सगळ्या मशीनवर विंडोज अपडेट आजच करा. राउटरवर ४४५ नंबरचा पोर्ट इंटरनेटच्या बाजूने बंद आहे ना, हे इंजिनिअरकडून तपासून घ्या. घरून फायली लागत असतील तर व्हीपीएन वापरा. एसएमबीची पहिली आवृत्तीही बंद करायला सांगा. इथे घोडं अडतं ते बहुधा कोपऱ्यातल्या जुन्या स्कॅनरपाशी, कारण त्याला तीच लागते. मग स्कॅन पेनड्राइव्हवर घ्या; एका स्कॅनरपायी सगळं ऑफिस उघडं कशाला? विंडोज ७ चे नेहमीचे अपडेट जानेवारी २०२० पासून बंद आहेत, तसं मशीन असेल तर नेटवर्कमधून काढा.

आणि बॅकअपची हार्ड डिस्क काम झालं की कपाटात. जोडलेली राहिली तर तीही लॉक होऊ शकते.