हिऱ्याच्या माणसांत नवखी

अगं, हसतंय कोण तुला! काही न कळणारं गिऱ्हाईक म्हणजे हिऱ्याच्या दुकानातलं सगळ्यांत लाडकं गिऱ्हाईक. पाणी येईल, कॉफी येईल, काळ्या मखमलीचा ट्रे पुढे सरकेल आणि ‘मॅडम, फक्त बघा हो, घ्यायलाच हवं असं थोडंच आहे’ असं चारदा ऐकशील. स्वतःच्या पैशांतून स्वतःसाठी अर्ध्या कॅरेटची अंगठी घ्यायला निघालेल्या मुलीचं आगतस्वागत न व्हायला काय झालं? तुझी भीती भलत्याच ठिकाणी आहे, एवढंच मला म्हणायचंय. स्वागत सगळीकडे होतं. मदत कुठे होते, कोण करतं आणि त्यात त्याचं काय गुंतलेलं असतं, हे मात्र घरातून निघतानाच लक्षात ठेव.

आधी दुकानाचं बोलू. काउंटरवरची मुलगी सहसा खोटं बोलत नाही. ती तू विचारलंस तेवढ्याचंच उत्तर देते. तू विचारणार, ‘सर्टिफिकेट आहे ना?’ ती म्हणणार, ‘हो मॅडम.’ दोघींचं समाधान. पण सर्टिफिकेट कुणाचं, आणि खडा सुटा असताना दिलेलं की कोंदणात बसवल्यावर, हे तू विचारलं नाहीस तर ती कशाला सांगेल? जीआयए ही १९३१मध्ये अमेरिकेत सुरू झालेली संस्था. कट, कलर, क्लॅरिटी, कॅरेट ही सगळी भाषा जगभर तिनेच रुळवली. हिऱ्याच्या प्रतीचा रिपोर्ट ती फक्त सुट्या खड्याचा देते. आपल्याकडे दुकानांत आयजीआयचे रिपोर्ट जास्त दिसतात, आणि ते तयार दागिन्याचेही असतात. त्यात वाईट काही नाही; पण खडा बसवलेला असला की वजन अंदाजाने काढावं लागतं आणि रंगही अमुक ते अमुक असा मोघम लिहावा लागतो. अर्ध्या कॅरेटचा एकच खडा घेतेयस, तर सुटा बघ, त्याचा रिपोर्ट बघ, मग बसवून घे. रिपोर्टचा नंबर बहुतेकदा खड्याच्या कडेवर लेझरने कोरलेला असतो. ‘भिंगातून दाखवा’ म्हण. दाखवतात, आणि त्यानंतर तुझ्याशी जरा जपून बोलतात.

हॉलमार्क सोन्याचा असतो, हिऱ्याचा नाही. त्याच्यासोबत कोरलेला सहा अंक-अक्षरांचा एचयूआयडी नंबर २०२३च्या एप्रिलपासून सक्तीचा आहे आणि बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून ताडता येतो, पण त्याने खड्याबद्दल काही म्हणजे काही कळत नाही. बिलावर सोन्याचं निव्वळ वजन वेगळं लिहून घे. एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, खड्याचं वजन सोन्याच्या भावात धरलेलं नको. घडणावळ वेगळी, खडा वेगळा, वर तीन टक्के जीएसटी. एवढं मागितल्यावर कुणाचा चेहरा पडला तर त्या दुकानाची पायरी उतर. आणि हो, वरच्या त्या बारीक दिव्यांखाली खडा पसंत करू नकोस. त्या उजेडात काचही नाचते. खिडकीशी जा, हाताच्या सावलीत धर, तिथेही जिवंत दिसतोय का बघ.

आता ओळखीतले. आपल्यात प्रत्येकीचा एक तरी मावसदीर ‘हिरा बाजारात’ असतो. हा बाजार पूर्वी ऑपेरा हाऊसला पंचरत्न बिल्डिंगमध्ये होता; २०१०मध्ये बांद्रा-कुर्ला संकुलात भारत डायमंड बोर्स सुरू झालं, तिथे अडीच हजारांच्या घरात ऑफिसं आहेत. सुरतचं तर त्याहून मोठं, २०२३च्या डिसेंबरमध्ये उद्घाटन झालं. पण हे भाजी मार्केट नव्हे, की पिशवी घेऊन गेलं आणि निवडून आणलं. तिथला माणूस पुड्या उघडतो तो घाऊक मालाच्या. तुझा एक खडा हा त्याच्या लेखी धंदा नाही, उपकार आहे. तो उपकार मनापासून करतोही, मी पाहिलंय; दुपारचं जेवण थांबवून चिमट्याने एकेक खडा दाखवणारी माणसं आहेत तिथे. प्रश्न त्यांच्या मनाचा नाही, आपल्या जिभेचा आहे. उपकाराची वस्तू परत कशी करायची? ‘काका, हा नको, दुसरा दाखवा’ हे दुकानात सहज म्हणता येतं, काकांना म्हणताना घसा सुकतो. आणि ‘बिल कशाला, घरचेच आहोत’ असं निघालं, की हसून म्हणायचं, ‘काका, ऑफिसात दाखवायला लागतं.’ लागत नाही दाखवायला. तरी म्हणायचं.

तिथे ‘रॅप’ हा शब्द कानावर पडेल. न्यूयॉर्कची रॅपापोर्ट ही भावांची यादी, १९७८पासून चालू आहे, आणि जगभरचा व्यापार तिला धरून ‘इतके टक्के खाली’ असा बोलतो. त्यामुळे कुणी ‘रॅपच्या तीस टक्के खाली देतो’ म्हटलं तर हुरळू नकोस. खाली देणं हाच तिथला रिवाज आहे. त्याच वजनाचा, त्याच रंगाचा, त्याच कटचा दुसरा खडा काय भावाने मिळतोय, एवढाच हिशेब खरा.

तिसरी मंडळी आहेत हिऱ्यांचं वेड असलेली. विकत काही नाहीत, कमिशन नाही, नुसती हौस. ऑफिसात एखादी निघते, नात्यात एखादे काका निघतात, फोनवर तर ढिगाने भेटतात. यांच्याबद्दल तू विचारलंस की नवख्यांना हे कसं वागवतात. खरं सांगू? फार चांगलं. अनोळखी मुलीच्या खड्याचे आकडे घेऊन रात्री साडेअकराला उत्तर लिहिणारी माणसं आहेत ही, आणि यांची मदत मी दुकानदाराच्या शब्दापेक्षा वर धरते, कारण तू कुठला खडा घेतलास याने त्यांच्या खिशाला काही होत नाही. पण त्यांना एक गोष्ट सहन होत नाही: ‘हा चांगला आहे का?’ एवढाच प्रश्न. त्यांच्याकडे असे प्रश्न रोज येतात, मग उत्तर तुटक येतं आणि नवखीला वाटतं, माणसं शिष्ट आहेत. शिष्ट नाहीत गं, कंटाळलेली आहेत. तू बजेट सांग, अंगठी रोज घालणार की सणावारी ते सांग, सोनं पिवळं की पांढरं ते सांग, दोन खड्यांचे रिपोर्ट नंबर दे आणि विचार, ‘या दोघांत तुम्ही कुठला घ्याल आणि का?’ मग बघ कसे बोलतात. टेबल किती, डेप्थ किती, कडा जाड आहे का, सगळं उलगडून सांगतील. तुला ओव्हल आवडतो ना? जीआयए कटची प्रत फक्त गोल ब्रिलियंटलाच देते, इतर आकारांना नाही, हे मला अशाच एका बाईंनी सांगितलं. ओव्हलच्या मधोमध टायच्या गाठीसारखी काळी सावली पडते का, तेही बघायला त्यांनीच शिकवलं. कुठल्याही काउंटरवर हे आपणहून कुणी सांगितलेलं नाही.

त्यांचा एक दोष मात्र ओळखून राहा. वर्षानुवर्षं भिंगातून बघून त्यांचा डोळा इतका तयार झालेला असतो की तुझा डोळा काय बघतो याचा त्यांना विसर पडतो. तू पन्नास सेंटचा, म्हणजे अर्ध्या कॅरेटचा, जी रंगाचा, व्हीएस टू क्लॅरिटीचा खडा पसंत करून जाशील आणि तासाभरात तुला वाटायला लागेल की एफपेक्षा खालचा रंग म्हणजे लाज आणि व्हीव्हीएस नसेल तर जगणं व्यर्थ. आपल्या बाजारातही ‘व्हीव्हीएस-ईएफ’ असा एकच जप चालतो, त्यामुळे दोन्हीकडून कान भरतात. तू शांतपणे विचार कर. व्हीव्हीएसमधला डाग दहापट मोठं करून बघितलं तरी तयार माणसाला मुश्किलीने सापडतो. व्हीएस टूमधला डाग नुसत्या डोळ्यांना सहसा दिसत नाही, अर्ध्या कॅरेटमध्ये तर नाहीच. पिवळ्या सोन्यात बसवलेला एच तुझ्या सासूबाईंना काय, तुलाही ओळखू येणार नाही. पैसे खर्च करायचे तर कटवर कर. चमक तिथून येते, आणि तीच तुला रोज लोकलमध्ये दांडा धरल्यावर दिसणार आहे. आणखी एक: पन्नास सेंट या आकड्याचाच भाव असतो. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस सेंटचा खडा माग. रुंदीतला फरक जेमतेम एक-दोन दशांश मिलिमीटर, पैशांतला फरक डोळ्यांत भरेल असा. हे मात्र ती हौशी मंडळी पहिल्याच दिवशी सांगतात, न विचारता. म्हणून तर त्यांना सोडू नकोस म्हणते.

लॅब-ग्रोनचा विषय काढलास की त्याच गोड माणसांचा आवाज चढतो, ही तयारी ठेव. खडा तोच, कार्बनच. सीव्हीडी किंवा एचपीएचटी पद्धतीने यंत्रात वाढवलेला. साध्या डोळ्यांनी, भिंगानेही वेगळा ओळखता येत नाही, त्याला प्रयोगशाळेची यंत्रं लागतात. सुरतेत तो भरपूर तयार होतो. २०२३मध्ये आपल्या पंतप्रधानांनी जिल बायडन यांना दिलेला साडेसात कॅरेटचा हिरा असाच होता. मग भांडण कशाचं? ज्यांनी खाणीतला घेतलाय त्यांना आपल्या कपाटातल्या वस्तूचा भाव दिसत असतो, आणि ज्यांनी लॅबचा घेतलाय त्यांना कुणी ‘नकली’ म्हटलेलं सोसत नाही. दोघंही तुला सल्ला देत नसतात, स्वतःच्या खरेदीची बाजू मांडत असतात. लॅबच्या हिऱ्यांचे भाव गेल्या काही वर्षांत धाडधाड उतरलेत. जीआयएने तर २०२५च्या ऑक्टोबरपासून त्यांना डी-ई-एफ, व्हीव्हीएस असल्या प्रती देणंच बंद केलं. आता ‘प्रीमियम’ नाहीतर ‘स्टँडर्ड’, एवढंच. माझं मत विचारशील तर, हौस म्हणून घालायला लॅबचा खुशाल घे, मोठा घे. पण ‘गुंतवणूक’ हा शब्द कुणी दोन्हींपैकी कशालाही लावला की विषय बदल. अर्ध्या कॅरेटचा खाणीतला खडाही विकायला काढलास की घेतलेल्या किमतीला कुणी हात लावत नाही. बायबॅक किती टक्के, रोख मिळणार की फक्त बदलून मिळणार, घडणावळ धरून की सोडून, हे बिलाच्या मागे छापलेलं असतं, बारीक अक्षरात. तिथेच उभं राहून वाच.

आता राहिल्या घरच्या. आत्या म्हणेल, ‘हिरा सगळ्यांना लाभत नाही, आधी उशाशी ठेवून बघ.’ वाद घालू नकोस. दुकानात पंधरा दिवसांत परत करण्याची मुभा लेखी घे आणि ठेव उशाशी. आत्याचं समाधान होईल, आणि रात्री ट्यूबलाइटखाली, सकाळी खिडकीत, दोन्ही उजेडांत खडा निवांत बघून होईल.

एक गोष्ट मात्र मला अजिबात आवडलेली नाही, म्हणून स्पष्ट लिहिते. पैसे कमी पडले तर आजीच्या हिऱ्याच्या कुड्या मोडीत घालू, असं तू आईला म्हणालीस म्हणे. सात-सात खड्यांच्या त्या कुड्या सराफ तराजूत टाकेल, सोन्याचं वजन धरेल आणि खड्यांना ‘जुना माल आहे, मॅडम, कट बसत नाही’ म्हणून नगण्य काहीतरी लावेल. कट बसत नाही हे खरंच आहे. ते हाताने पैलू पाडलेले जुने खडे. आजच्या मोजमापांत कसे बसतील? पण अशा जुन्या पैलूंच्या मागे लागलेली माणसं जगभर आहेत, दिव्याच्या ज्योतीत ते कसे दिसतात यावर जीव टाकणारी. तुझ्याच त्या हौशी मंडळींना कुड्यांचा एक फोटो पाठव आणि ‘मोडू का?’ विचार. अशा ओरडतील तुझ्यावर, की आगतस्वागत वगैरे सगळं विसरशील.

शनिवारी अकराला मी दादरला येते. रिपोर्टचे नंबर आधी पाठव, मी घरून तपासून ठेवते. आईशी मी बोलले आहे. कुड्या आता माझ्या लॉकरमध्ये आहेत, त्यामुळे तो पर्याय तुझ्याकडे नाही.