उपचारानंतरचे बाळंतपण

२५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये पहिले टेस्ट ट्यूब बाळ जन्मले. मातेचा रक्तदाब वाढल्याने शस्त्रक्रिया करावी लागली. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात हर्षा जन्मली. १९८७ साली रोमने ही पद्धत अमान्य केली. पण असे बाळही देवाचे दान म्हणून स्वीकारावे, असेच शिकवले. म्हणून आपण त्या मातेला दूषण न देता तिला जपू या.

अशा गर्भारपणात जुळी अधिक होतात. एका आळ्यातील दोन रोपांप्रमाणे ती लहान राहतात व दिवस भरण्याआधीच जन्मतात. बाळ एकच असले तरी रक्तदाब वाढणे, वार खाली असणे व बाळंतपणानंतर फार रक्त जाणे यांचा धोका जास्त असतो.

तेव्हा सोयाबीनची काढणी असो की गव्हाची, तपासणी चुकवू नये. डॉक्टरांना उपचाराचे कागद दाखवावेत. डोके फार दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर सूज वा अंगावरून रक्त जाणे दिसताच १०८ ला फोन करावा. बाळंतपण घरी करू नये. भोपाळच्या एम्स वा हमीदियासारख्या मोठ्या रुग्णालयात आधीच नाव घालावे, असे आम्ही आग्रहाने सांगतो.