माळ्यावरची खोयन

आपल्या घराच्या माळ्यावर काय काय पडले आहे? कधी वर चढून पाहिले आहे का?

मोडके कुळव असेल. फुटकी टोपली असेल. आणि कोपऱ्यात, धुराने काळे झालेले, मासे धरायचे एखादे जुने साधनही असेल. आज आपण त्याचीच गोष्ट वाचू.

आम्ही शेणव्याकडे एका घरी गेलो होतो. उन्हाळ्याचे दिवस होते. नातवाने माळा साफ करायला घेतला होता. त्याने बांबूची एक जुनी वस्तू खाली टाकली.

"चुलीत घालायला बरी हाय," तो म्हणाला.

ओट्यावर म्हातारे बाबा बसले होते. ते लगबगीने उठले. "आरं, थांब! माझ्या बानं विणलेली खोयन हाय ती!"

बाबांनी खोयन मांडीवर घेतली. ती कामट्यांची लांबट टोपली होती. तोंड रुंद, शेपूट निमुळते. तोंडाच्या आत कामट्यांची टोके आतल्या बाजूला वळवलेली होती. बाबा सांगू लागले :

"भादव्यात पाणी उतराया लागतं. तवा शेतातलं मासं पाण्यासंगं वढ्याकडं येत्यात. बांधाला जिथं वाट असते तिथं ही लावायची. तोंड शेताकडं. मासा आत शिरतो, पण माघारी फिरला की टोकं टोचत्यात. मग तो अडकला. सकाळी शेपटाची गाठ सोडायची आन् मासं टोपलीत वतायचं."

मग त्यांनी दोन कामट्यांच्या फटीत बोट घालून दाखवले. "ही फट मुद्दाम ठेवलीय. बारकी पिल्लं हितनं निघून जात्यात. पिल्लं गेली तर पुढल्या साली मासा मिळंल."

केवढे शहाणपण त्या एका फटीत होते! ते खोयनीकडे नुसते पाहून आम्हाला कळले नसते.

बाबा बोलत होते. आम्ही ऐकत होतो. घरची सूनबाई मात्र एका कागदावर काही लिहीत होती. ती त्याच वर्षी वर्गात अक्षरे शिकली होती.

खोयनीसारखीच आणखी साधने आपल्याकडे आहेत. पाग घ्या. हे गोल जाळे. त्याच्या कडेला वजने बांधलेली असतात. फेकले की ते छत्रीसारखे उघडते आणि वजनांमुळे तळाला बसते. पूर्वी पाग सुताची असे. ती कुजू नये म्हणून ऐनासारख्या झाडाच्या सालीच्या काढ्यात भिजवीत. मग नायलॉनची तयार जाळी आली आणि काढा करायचे मागे पडले.

गळ तर फारच जुना. मोहेंजोदडोला तांब्याचे गळ सापडले आहेत. ते चार हजार वर्षांहून जुने आहेत. आजच्या गळाला टोकाजवळ उलटा काटा असतो, तसा त्यांनाही आहे. भातसा आणि काळू नदीवर गळ टाकणारा माणूस केवढा जुना धंदा करतो, पाहा!

परदेशात अशा वस्तू जमवण्याचा मोठा नाद आहे. अमेरिकेत जेम्स हेडन नावाचा माणूस होता. त्याने सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी लाकडाचे रंगीत खोटे मासे करून विकायला सुरुवात केली. खरा मासा त्यांना भुलून गळाला लागे. आज लोक ते खोटे मासे हौसेने जमवतात. १९७६ साली त्यांनी आपला एक संघही काढला. खोट्या माशाबरोबर त्याची मूळ पुठ्ठ्याची पेटी असली, तर ते जास्त पैसे देतात. का बरे? पेटीवर नाव छापलेले असते. वस्तू कोणाची, कोणती, हे पेटी सांगते.

आपल्या खोयनीला पेटी नाही. मग तिचे नाव-गाव कोण सांगणार? आपणच लिहिले पाहिजे. आपली चिठ्ठी हीच तिची पेटी.

पुण्याचे दिनकर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, फण्या, भांडी अशा घरगुती वस्तू आयुष्यभर जमवल्या. त्यांची संख्या वीस हजारांवर गेली. १९७५ साली तो सारा संग्रह त्यांनी महाराष्ट्र सरकारला दिला. लोक आज तिकीट काढून तो पाहतात. त्या वस्तू आपल्यासारख्यांच्याच घरातल्या होत्या.

तर मग आपण काय करावे?

१. जुनी वस्तू जाळू नये. भंगारवाल्याला घाईने देऊ नये.

२. घासून चकचकीत करू नये. कोरड्या फडक्याने पुसावी.

३. बांबूची वस्तू कोरड्या जागी टांगावी. ओल लागली की ती कुजते.

४. गळ डब्यात ठेवावेत. पोरांच्या हाती देऊ नयेत. गंजू नयेत म्हणून त्यांना शिवणयंत्राच्या तेलाचे बोट लावावे.

५. म्हाताऱ्या माणसांना विचारावे, आणि चिठ्ठी लिहून वस्तूला बांधावी. नाव काय? कोणी केली? कशाची? केव्हा आणि कशी वापरत? गावात जे नाव चालते तेच लिहावे.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही पुन्हा त्या घरी गेलो. ओटा रिकामा होता. बाबा पावसाळ्यातच गेले होते. खोयन मात्र आढ्याला टांगलेली होती. तिला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधली होती. अक्षरे वाकडीतिकडी होती, पण सारे काही होते. बांधाची वाट होती, शेपटाची गाठ होती, आणि बारक्या पिल्लांसाठी ठेवलेली फटही होती.

नातू आम्हाला ती चिठ्ठी वाचून दाखवीत होता.

विचार करा आणि सांगा

१. खोयनीत शिरलेला मासा बाहेर का येत नाही?

२. कामट्यांमध्ये फट का ठेवतात?

३. तुमच्या गावात या साधनाला काय म्हणतात?

करून पाहा

घरातली एक जुनी वस्तू घ्या. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. पाच ओळींची चिठ्ठी लिहा आणि वस्तूला बांधा.