चांगला वस्ताद कसा ओळखावा?

गावच्या तालमीत पोरे लाल मातीत उतरतात. जोर काढतात, बैठका मारतात. त्यांना शिकवतो तो वस्ताद. पण चांगला वस्ताद कोणता?

चांगला वस्ताद पोराचे वय आणि ताकद पाहतो. १२ वर्षांच्या पोराला २० वर्षांच्या गड्याची मेहनत देत नाही. आज ५० बैठका झाल्या, तर उद्या ५०० मागत नाही. मेहनत हळूहळू वाढवतो. मग विसावा देतो. विसाव्यानेच अंग भरते.

वजन उतरवायला तो पोराचे पाणी तोडत नाही. त्याने घेरी येते. जीवही जातो. १९९७ साली अमेरिकेत ३ तरुण मल्ल असे घाईने वजन उतरवताना दगावले.

पोर म्हणाले, “वस्ताद, खांदा दुखतोय,” तर तो “सोस गपगुमान” म्हणत नाही. “यंदाचे मैदान राहू दे. आधी डॉक्टरला दाखव,” असे सांगतो.

पोराला तालमीत घालताना आपण विचारतो, “वस्तादांनी किती कुस्त्या मारल्या?” ते विचारावेच. पण आणखी एक विचारू या, “वस्ताद, पोर दुखावले तर तुम्ही काय करता?”