केसांना मऊपणा आणणारी द्रव्ये

दिल्लीच्या नैर्ऋत्य भागात व लगतच्या गुरुग्रामात पुष्कळ घरी कूपनलिकेचे पाणी वापरले जाते. ते बहुधा दुष्फेन असते. त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचा साबणाशी संयोग होऊन न विरघळणारा साका बनतो आणि केस राठ लागतात. साबणानंतर लिंबू पिळलेल्या पाण्याने केस धुण्याची जुनी चाल सकारण आहे. आम्लामुळे हा साका विघटित होतो. शांपूतील कृत्रिम प्रक्षालकांपासून सहसा असा साका होत नाही. परंतु ते तेलाचा थर धुऊन नेतात, आणि मे-जूनच्या कोरड्या हवेत फणी फिरविताच केस एकमेकांपासून दूर उभे राहतात.

येथे कंडिशनरचे काम सुरू होते. केस केरॅटिन या प्रथिनाचा असून त्यावर कौलांप्रमाणे एकावर एक बसलेले खवले असतात. निरोगी केसाच्या पृष्ठभागावर मेदाम्लाचा अत्यंत पातळ थर असतो. केस महिन्याला सुमारे 1 सेंटिमीटर वाढतो. म्हणजे 30 सेंटिमीटर लांब केसाचे टोक अडीच वर्षांचे असते. इतक्या काळात ऊन, फणी व धुणे यांनी तो थर झिजतो आणि टोकाकडे ऋण विद्युत्‌भार वाढतो.

कंडिशनरमध्ये सेटिल ट्रायमेथिल अमोनियम क्लोराइडसारखी संयुगे असतात. त्यांच्या रेणूचे डोके धनभारित असते व शेपूट 16 कार्बन अणूंची, मेणासारखी असते. डोके केसाच्या ऋणभाराला चिकटते, शेपट्या बाहेर राहतात आणि घर्षण कमी होते. म्हणूनच पाण्याने खळबळल्यावरही थोडे द्रव्य केसावर उरते, व जेथे झीज अधिक तेथे ते अधिक बसते. जोडीला मेदयुक्त अल्कोहोले व सिलिकोन तेलेही घालतात.

जाहिरातींत याला केसांचे ‘पोषण’ म्हणतात, ते यथार्थ नव्हे. त्वचेबाहेरचा केस निर्जीव असतो. त्याला पोसता येत नाही. फाटलेले टोकही जुळत नाही, तात्पुरते झाकले जाते. पुढच्या धुण्यात हा लेप बराचसा जातो.

साबण व कंडिशनर एकत्र मात्र कालवू नयेत. साबणाचा रेणू ऋणभारित असल्याने दोन्ही परस्परांनाच चिकटतात आणि केसाच्या वाट्याला काहीच येत नाही. आधी साबण पूर्ण धुऊन काढावा, मग कंडिशनर मुळांना न चोळता टोकांकडे लावावा.