बरे होताना वाढणारे वजन

आहारविकारातून बाहेर पडताना वजन बदलते, आणि अनेक रुग्णांना मूळ आजारापेक्षा या बदलाचीच धास्ती अधिक असते. ॲनोरेक्सिया नर्व्होसात माणूस खाणे कमी करत जातो. बुलिमियात भरमसाठ खाणे आणि नंतर ते शरीराबाहेर काढण्याची धडपड यांचे चक्र चालते. बिंज ईटिंग डिसऑर्डरमध्ये ताबा सुटून खाण्याचे प्रसंग वारंवार येतात. वजनाची सर्वांत मोठी उलथापालथ पहिल्या विकारात होते, म्हणून येथे मुख्यतः त्याचाच विचार केला आहे.

छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरात हा आजार बऱ्याचदा दुसऱ्याच रूपात घरात येतो. मुलगी वाळत चालली की आधी पोटाच्या डॉक्टरांकडे नेले जाते, मग क्षयाची तपासणी होते, मग थायरॉइडची. भारतातल्या अनेक रुग्णांनी ‘जाड होईन’ ही भीती बोलूनच दाखवलेली नसते. भूक नाही, पोट जड वाटते, जेवले की मळमळते, अशीच तक्रार असते. नवरात्राचे नऊ दिवस, श्रावण, एकादशी किंवा रमजान या काळात तर न जेवणाऱ्यावर कोणी शंकाही घेत नाही. निदान उशिरा होते, आणि उपचार सुरू होतात तेव्हा शरीर बरेच खंगलेले असते.

खाणे सुरू झाल्यावर पहिल्या आठ-दहा दिवसांत काटा अचानक वर जातो. रुग्णाचा धीर सुटतो तो इथेच. यकृत आणि स्नायू पिष्टमय पदार्थांचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात करतात. उपासमारीत हा साठा रिकामा झालेला असतो. तो भरू लागला की प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी अडकून राहते. शिवाय रिकाम्या आतड्यांत आता अन्न असते, त्याचेही वजन भरते. याउलट एक किलो चरबी साठायला शरीराच्या गरजेपेक्षा सुमारे ७,००० किलोकॅलरी जास्त पोटात जाव्या लागतात. दोन दिवसांत वजन दीड किलोने वाढले, तर तेवढ्या चरबीसाठी साडेदहा हजार किलोकॅलरी जादा लागल्या असत्या. मध्यम आकाराची ज्वारीची भाकरी दोनशे किलोकॅलरींची धरली, तर त्या दोन दिवसांत मिळून रोजच्या जेवणावर आणखी पन्नासेक भाकरी! हा हिशेब रुग्णासमोर कागदावर मांडून दाखवावा. नुसत्या ‘घाबरू नकोस’पेक्षा त्याचा उपयोग अधिक होतो.

याच पहिल्या दिवसांत खरा धोका वेगळाच असतो आणि तो काट्यावर दिसत नाही. दीर्घ उपासमारीनंतर एकदम भरपूर अन्न दिले तर इन्सुलिन वाढते, रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम पेशींमध्ये ओढले जाते आणि हृदयाची लय बिघडू शकते. याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या युद्धकैद्यांमध्ये डॉक्टरांनी तो प्रथम ठळकपणे पाहिला. म्हणून फारच खंगलेल्या किंवा कित्येक दिवस जवळजवळ काहीच न खाल्लेल्या रुग्णाला घरीच डिंकाचे लाडू आणि तूप-भात चारण्याची घाई करू नये. त्याच्यासाठी रुग्णालयातच आहार ठरवून वाढवतात, वारंवार रक्त तपासतात, ईसीजी काढतात आणि थायमिन हे जीवनसत्त्व देतात.

त्यानंतर येते सूज. पावले, घोटे, डोळ्यांभोवतीचा भाग आणि चेहरा फुगतो. उलट्या किंवा जुलाबाच्या गोळ्या ज्यांनी नुकत्याच थांबवल्या आहेत त्यांच्यात ती जास्त असते, कारण पाणी सतत कमी पडल्याने अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक वाढलेले असते आणि ते मीठ व पाणी धरून ठेवते. सवय थांबली तरी संप्रेरक लगेच खाली येत नाही. सूज बहुधा एक ते तीन आठवड्यांत ओसरते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेतल्या तर पोटॅशियम घसरते आणि सूज पुन्हा येते. प्रस्तुत लेखिका याच शहरात वसतिगृहात राहून शिकत असताना या विकारातून गेली. उपचार सुरू झाले, आणि संध्याकाळी सँडलचा पट्टा लागेना. ती सूज पाण्याची आहे हे तिला कोणी सांगितले नव्हते. चरबी चढली असे समजून मेसमधले ताट पुन्हा अर्ध्यावर आले आणि शेवटी पुन्हा रुग्णालयात दाखल व्हावे लागले. पायावरची सूज पाण्याची असते, हे एक वाक्य वेळेवर कानी पडले असते तर तो दुसरा मुक्काम टळला असता.

पोटाचीही वेगळी तक्रार असते. उपासमारीत जठर मंदावते. चार घास खाल्ले तरी ते तासन्‌तास पुढे सरकत नाहीत. पोट टम्म होते, सलवारची नाडी रुतते, आणि रुग्णाला वाटते की जेवणाने पोट सुटले. नियमित आहाराच्या काही आठवड्यांत जठर पूर्ववत चालू लागते. तोवर तीन जेवणे आणि मधली दोन-तीन खाणी अशी विभागणी सोसते. कोशिंबिरी आणि कोंड्यावर या काळात भर देऊ नये, त्यांनी पोट भरते पण शक्ती येत नाही. दही-धपाटे, वरण-भात-तूप, शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी, दूध, अंडी हे मराठवाड्याच्या घरातले साधे अन्न या कामाला पुरते. त्यासाठी महागड्या पावडरींचे डबे आणण्याचे कारण नाही.

पुढे काय होते याचा सर्वांत सविस्तर दाखला १९४४-४५ च्या मिनेसोटा प्रयोगात आहे. अमेरिकेच्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना त्यांच्या संमतीने २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. त्यांचे सुमारे चतुर्थांश वजन उतरले. ही माणसे आहारविकाराची रुग्ण नव्हती, तरीही ती अन्नाचाच विचार करू लागली, पाककृतींची पुस्तके जमवू लागली, चिडचिडी आणि एकलकोंडी झाली. जेवण पुन्हा मिळू लागल्यावर कित्येकांची भूक महिनोन्‌महिने भागेना. वजन मूळ आकड्याच्या काहीसे पुढे गेले, आणि नंतर बहुतेकांचे हळूहळू खाली येऊन आपल्या जागी स्थिरावले. हा प्रयोग आज कोणतीही नैतिक समिती मंजूर करणार नाही. पण त्यातून कळलेली गोष्ट रुग्णांच्या फार उपयोगाची आहे: बरे होतानाची न भागणारी भूक हे उपाशी राहिलेल्या शरीराचे अपेक्षित वागणे आहे. त्यात हावरेपणा नाही.

प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली आणि पुढच्या संशोधनानेही ती दाखवली. परत येणारी चरबी आधी पोट आणि कंबरेभोवती बसते. हातपाय बारीकच राहतात. स्नायू आणि चरबीची वाटणी सारखी व्हायला, वजन टिकवून धरले तर, साधारण वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ जातो. मध्येच खाणे तोडले की ही वाटणी अर्धवट राहते आणि पुढच्या खेपेला तोच टप्पा पुन्हा ओलांडावा लागतो. पोट दिसू लागले म्हणून उपचार सोडणारे रुग्ण नेमक्या याच वळणावरून मागे फिरतात.

दुसरीकडे असाही काळ येतो की भरपूर खाऊनही वजन हलत नाही. मंदावलेला चयापचय जागा होतो, रात्री घाम फुटतो, अंग तापल्यासारखे वाटते, आणि शरीर मिळालेली शक्ती दुरुस्तीत खर्च करते. काहींना या काळात रोज ३,००० किलोकॅलरींहून अधिक आहार लागतो. घरच्यांना तो अतिरेक वाटतो, म्हणून तो आहारतज्ज्ञांनी लिहून दिलेला असावा.

वजन कुठे थांबावे, याला एकच आकडा नसतो. वाढीच्या वयातल्या मुलामुलींसाठी आलेख पाहावा लागतो. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ साली पाच ते अठरा वर्षांच्या मुलांचे सुधारित आलेख प्रसिद्ध केले. त्या कामात पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर अग्रभागी होते. आजारी पडण्यापूर्वी मूल ज्या रेषेवर वाढत होते त्या रेषेकडे ते परतले पाहिजे. उंची वाढते तसे लक्ष्यही वर सरकते, म्हणून चौदाव्या वर्षी ठरवलेले वजन सोळाव्या वर्षी पुरत नाही. प्रौढांमध्ये आजारापूर्वीचे स्थिर वजन, पाळी नियमित येणे, नाडीचा वेग, रक्तदाब आणि हाडांची घनता या सगळ्यांवरून अंदाज बांधतात. भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या पुढे जादा वजन समजावे असा संकेत आहे. तो मधुमेह आणि हृदयरोगाचा धोका ओळखण्यासाठी आहे. व्यायामशाळा आणि मोबाइलवरची ॲप तोच आकडा बरे होणाऱ्या रुग्णाच्या डोक्यावर छत म्हणून ठेवतात, ते साफ चुकीचे आहे. कोणाचे नैसर्गिक वजन त्याच्या खाली असते, कोणाचे वर.

वजन करण्याचीही पद्धत असते. घरातला काटा काढून टाकावा, आणि औषधाच्या दुकानापुढच्या किंवा व्यायामशाळेतल्या काट्यावर चढू नये. आठवड्यातून एकदा, त्याच वेळी, हलक्या कपड्यांत, उपचार करणाऱ्यांसमोर वजन व्हावे. बाह्यरुग्णांसाठी आठवड्याला सुमारे अर्धा किलो आणि दाखल रुग्णांसाठी अर्धा ते एक किलो वाढ ठीक समजतात. आकडा रुग्णाला दाखवायचा की नाही, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी विकसित केलेल्या उपचारपद्धतीत तो दाखवतात आणि एका आकड्यावरून निष्कर्ष काढायचा नाही हे शिकवतात. काही ठिकाणी सुरुवातीला रुग्णाला काट्याकडे पाठ करून उभे करतात. पहिला मार्ग शेवटी अधिक टिकाऊ वाटतो, कारण आयुष्यात कधी ना कधी काटा समोर येणारच. एरवीही वजन दिवसभरात किलो-दीड किलो हलते. इथल्या एप्रिल-मेच्या उन्हात घाम, पाणी आणि मीठ यांमुळेच ते खालीवर होते, आणि पाळीच्या आधीही वाढते. चार आठवड्यांचे आकडे शेजारी ठेवल्याशिवाय दिशा कळत नाही.

या साऱ्यापेक्षा अवघड असते ती लोकांची बोलणी. ‘आता कशी छान भरलीस’, ‘तब्येत झाली हो तुझी’, ‘बास, आता आणखी नको’ हे कौतुक रुग्णाच्या कानाला शिक्षेसारखे लागते. बोलणाऱ्या मावशी किंवा काकू मायेनेच बोलतात. त्यांना बाजूला घेऊन आधीच सांगावे की वजन, चेहरा, ताट यांवर चांगले-वाईट काहीच बोलायचे नाही. अभ्यास विचारा, नोकरी विचारा, कालचा सामना विचारा. हे सांगण्याचे काम आई किंवा वडिलांनी करावे, रुग्णावर टाकू नये. लग्नसराई, हळदीकुंकू, हिवाळ्यातल्या हुरडा पार्ट्या इथे बोलणी आणि फोटो दोन्ही ठरलेले असतात. पहिल्या काही महिन्यांत थोडा वेळ जाऊन परत यावे, आणि जेवण घरी वेळेवर झालेले असावे.

जुने कपडे कपाटात ठेवू नयेत. रोज सकाळी ते चढवून पाहणे हाही एक काटाच असतो. पैठण गेटच्या बाजारातून नाडीचे किंवा सैल असे तीन-चार जोड आणले की काम भागते. वजन स्थिरावल्यावर शिंप्याकडे जावे. उपवासांबाबत स्पष्ट नकार हवा. आजाऱ्याला उपवासातून आणि रोज्यातून सूट आहे, हे दोन्ही परंपरांना मान्य आहे. कर्णपुऱ्याच्या यात्रेला जाऊन देवीचे दर्शन घ्यायला उपाशी असण्याची अट नाही.

बुलिमियात वजन बहुधा सर्वसाधारण मर्यादेतच असते. सुरुवातीची सूज ओसरल्यावर त्यात मोठा फरक पडत नाही. जुलाबाच्या गोळ्यांनी मुख्यतः पाणी जाते, अन्नातली बहुतेक शक्ती त्याआधीच लहान आतड्यात शोषलेली असते. हे कळले की गोळ्यांचे आकर्षण बरेच कमी होते. बिंज ईटिंग डिसऑर्डरवरच्या मानसोपचाराने खाण्याचे प्रसंग कमी होतात किंवा थांबतात, वजन उतरेलच असे नाही. उपचारांच्या मध्येच कडक डाएट सुरू केले तर तेच प्रसंग परत येऊ शकतात. मुलगे आणि पुरुषही या विकारांतून सुटलेले नाहीत. पोलीस भरतीची, कुस्तीची किंवा शरीरसौष्ठवाची तयारी या नावाखाली त्यांचे विकार झाकले जातात.

वजन भरले म्हणजे आजार संपला असे नाही. शरीर आधी सावरते, विचार मागाहून, आणि आजार उलटण्याचा धोका वजन परत आल्यानंतरच्या पहिल्या वर्षात सर्वाधिक असतो. म्हणून त्या वर्षात तपासणी आणि समुपदेशन दोन्ही चालू ठेवावे. मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच विम्याचे संरक्षण द्यावे, असे मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ सांगतो; पॉलिसी तपासून घ्यावी. शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या घाटी रुग्णालयात मानसोपचाराची सोय आहे, आणि टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही, विनामूल्य मिळते. चक्कर येऊन पडणे, छातीत धडधड, श्वास लागणे, गोंधळल्यासारखे वागणे किंवा जिवाचे बरेवाईट करून घेण्याची भाषा यांपैकी काहीही दिसले तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.