दोन मार्कांचा प्रश्न आणि ओला तुकडा

'भौतिक आणि रासायनिक बदल यांतील फरक सांगा' हा शाळेतला दोन मार्कांचा प्रश्न! मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे उत्तर इंग्लिशमध्ये पाठ. फिजिकल चेंज उलटवता येतो, केमिकल येत नाही. बर्फ वितळला की फिजिकल, कागद जळला की केमिकल. मार्क मिळाले, विषय संपला. पण गेल्या पावसाळ्यात शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत ट्रेनिंगला गेले आणि तो परत उघडला.

इंडक्शन भट्टीतला लालभडक रस, उडणाऱ्या ठिणग्या बघून मी ठोकून दिलं, "हा केमिकल चेंज!" फोरमन मामा हसले. "आत काय घातलं? बीड. साच्यातनं काय निघालं? बीडच की!" खरंच. बीड साधारण ११५० ते १२०० अंशांना वितळतं, थंड झालं की घट्ट होतं. अवस्था बदलली, पदार्थ तोच. म्हणून वितळणं हा भौतिक बदल. रसावर तरंगणारी मळी मात्र ऑक्साइडची, म्हणजे तिथे रासायनिक बदलही चालूच असतो.

शेजारच्या कोअर शॉपमध्ये नेमकं उलटं. वाळूत सोडियम सिलिकेट कालवून कोअर बॉक्समध्ये भरतात आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड सोडतात. ना ज्वाला, ना धूर, पण थोड्याच वेळात वाळू दगडासारखी! इथे सोडियम कार्बोनेट आणि सिलिका जेल तयार होतं आणि ते जेल वाळूचे कण धरून ठेवतं. नवीन पदार्थ तयार झाला, म्हणजे रासायनिक बदल, तोही अगदी गुपचूप.

आता 'उलटवता येतो' या नियमाचं बघा. गव्हाचं पीठ केलं की परत गहू होत नाही, तरी दळणं हा भौतिक बदल. मोबाईलची बॅटरी आपण रोज चार्ज करतो, म्हणजे तिच्यातली रासायनिक क्रिया रोज उलटवतो! म्हणून आग, आवाज, उलटं-सुलटं यावर जाऊ नका. प्रश्न एकच विचारायचा: नवीन पदार्थ तयार झाला का?

एवढं कळल्यावर मी जरा शहाणी झाले, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी यार्डातला पावसात भिजलेला स्क्रॅपचा तुकडा उचलून मी भट्टीत जाणाऱ्या मालात टाकायला गेले. मामा केवढ्यानं ओरडले, "ए पोरी, थांब! ओलं हाय ते!"

मी म्हटलं, "मामा, पाण्याची वाफच होणार ना? फिजिकल चेंज."

मामा हसले नाहीत. एक लिटर पाण्याची वाफ साध्या दाबाला जवळजवळ १७०० लिटर जागा घेते. तेच पाणी तापलेल्या रसाखाली सापडलं, तर क्षणात वाफ होऊन वरचा रस उसळून बाहेर फेकते. समोर उभा असलेला माणूस संपला! म्हणून तिथे माल आधी वाळवतात, लॅडलसुद्धा तापवून कोरडी करून घेतात.

त्या दिवशी माझे हात थरथरत होते. 'भौतिक' म्हणजे 'किरकोळ' असं पुस्तकात कुठेच लिहिलेलं नव्हतं, ते मीच धरून चालले होते.

तेव्हा होस्टेलकरांनो, रात्री चोरून भजी तळताना ओला झारा तापलेल्या तेलात घालू नका. बदल भौतिकच असेल, पण चटका खराखुरा बसेल!